ऑनलाइन लिलाव : बोली किती आणि कधी?

या महिन्यात आलेल्या पत्रांत लिलावाचे प्रश्न सगळ्यांत जास्त आहेत. कुणाला नाणं हवंय, कुणाला बँकेने ताब्यात घेतलेला फ्लॅट, कुणाला कारखान्यातलं जुनं मशीन. बहुतेक पत्रांत अडचण एकाच जागी आहे. लिलाव कोणत्या नियमाने बंद होतो हे न वाचताच बोली लागली, आणि कुठे थांबायचं हे लिलाव रंगात आल्यावर ठरलं. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : मी मराठेशाहीतली नाणी जमवतो. एका अंकुशी रुपयासाठी मी ४,५०० रुपयांपर्यंत गेलो आणि शेवटच्या दहा सेकंदांत कुणीतरी शंभर रुपये वाढवून तो नेला. आधीही असंच झालंय. आपणही शेवटच्या सेकंदालाच बोली लावावी का? (सदाशिव पेठ)

उत्तर : आधी एका प्रश्नाचं खरं उत्तर स्वतःला द्या. ते नाणं ४,७०० ला मिळालं असतं तर घेतलं असतंत का? ‘हो’ असेल, तर ४,५०० ही तुमची मर्यादा नव्हतीच, ती फक्त त्या क्षणीची बोली होती. ‘नाही’ असेल, तर तुम्ही काहीच गमावलेलं नाही.

बहुतेक साइटवर ‘कमाल बोली’ भरायची सोय असते. तुम्ही ६,००० भरलेत म्हणून ६,००० द्यावे लागत नाहीत. दुसऱ्याची कमाल ४,६०० असेल आणि वाढीचा टप्पा शंभराचा असेल, तर सिस्टिम तुमच्या वतीने ४,७०० वर थांबते. म्हणजे तुम्ही काय मोजणार हे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर ठरतं. तुमची कमाल बोली फक्त जिंकणार की नाही एवढंच ठरवते. अशा लिलावात आपली खरी मर्यादा एकदाच भरणं हेच हिताचं असतं, हे विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलं. त्याला १९९६ मध्ये नोबेल मिळालं. कमी आकडा लिहून पैसे वाचत नाहीत, फक्त परवडणारी वस्तू हातची जाते. जास्त लिहिलं तर नको त्या किमतीला वस्तू गळ्यात पडते.

आता वेळेचं. लिलाव दोन तऱ्हेने बंद होतात. एकात घड्याळ ठरलेल्या सेकंदाला थांबतं, ईबेवर तसं असतं. दुसऱ्यात शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते. नाण्यांचे आपल्याकडचे बरेच लिलाव आणि बँकांचे जवळपास सगळे ई-लिलाव या दुसऱ्या प्रकारचे असतात. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि ॲमेझॉनच्या त्या काळच्या लिलावांची तुलना केली होती. ॲमेझॉनवर शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की लिलाव पुढे ढकलला जाई, आणि तिथे शेवटच्या क्षणी बोली लावणारे खूपच कमी होते. ईबेवर मात्र मुरलेले लोकच ती युक्ती जास्त वापरत.

तेव्हा घड्याळ ठरलेल्या सेकंदाला थांबणारं असेल तरच शेवटपर्यंत वाट पाहा. पाच-आठ सेकंद राहिले असताना आपली पूर्ण मर्यादा एकदाच भरा. शंभर-शंभरने चढणाऱ्या माणसाला मग उत्तर द्यायला वेळ उरत नाही. समोरच्याने आधीच तुमच्याहून मोठी कमाल बोली भरून ठेवली असेल, तर मात्र याचा काही उपयोग नाही. ही युक्ती फसते ती साध्या कारणांनी: लॉगिनची मुदत संपलेली असते, साइट ऐन वेळी पुन्हा पासवर्ड मागते, किंवा ‘बोली नक्की करा’ हे दुसरं बटण दाबायचं राहून जातं. दहा मिनिटं आधी पुन्हा लॉगिन करा, आकडा टाइप करून नक्की करण्याच्या पानापर्यंत जाऊन ठेवा. दोन कमाल बोली सारख्या निघाल्या तर आधी लावणाऱ्याची धरतात, हेही ध्यानात असू द्या. वेळ वाढणारा लिलाव असेल तर सेकंदांशी खेळण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी. लिलाव चालवणाऱ्यावर भरवसा नसेल तर कमाल बोली आधी भरून ठेवू नका. तुमचा आकडा आतल्या माणसाला दिसत असेल तर खोट्या बोलीने तुम्हाला तिथपर्यंत चढवता येतं. एकच खातं एकाच विक्रेत्याच्या प्रत्येक वस्तूवर बोली लावतंय आणि जिंकत मात्र कधीच नाही, असं दिसलं की तिथून निघा.

मर्यादा काढताना घरपोच खर्चापासून मागे या. समजा सगळं मिळून ७,००० खर्चायची तयारी आहे. लिलावगृहाचं कमिशन १५ टक्के, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बोलीवर १७.७ टक्के, आणि कुरिअरचे २००. तर (७,००० − २००) ÷ १.१७७ = साधारण ५,७७७. शंभराचा टप्पा असेल तर मर्यादा ५,७००. ५,८०० ला खर्च ७,००० च्या वर जातो. कमिशनचा दर प्रत्येक लिलावगृहाचा वेगळा असतो आणि काही ठिकाणी वस्तूवरही जीएसटी लागतो, म्हणून हे गणित अटी वाचूनच करा.

नाण्याचं म्हणाल तर वजन दिलेलं नसेल तर विचारा. अंकुशी रुपया साधारण ११ ग्रॅमच्या आसपास भरतो. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागवा. अंकुशाची खूण नाण्यावर पूर्ण उतरली आहे की नाण्याच्या कडेबाहेर गेली आहे, आणि चांदी घासून चकचकीत केली आहे का, या दोन गोष्टींनी भावात मोठा फरक पडतो. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं. ते परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवता येत नाही.

प्रश्न : हडपसरला एक टू बीएचके बँकेच्या ई-लिलावात आहे. सरकारी बोली, म्हणजे बँकेने ठरवलेली किमान किंमत, ४६ लाख. त्याच सोसायटीत फ्लॅट ६२ लाखांना जातात. सोळा लाख सरळ वाचतात असं एजंट सांगतो. कुठपर्यंत जावं? (मगरपट्टा परिसर)

उत्तर : सोळा लाख वाचत नाहीत. किती वाचतात हे जाहिरातीतल्या एका शब्दावर आहे: ताबा ‘प्रत्यक्ष’ की ‘सांकेतिक’? सांकेतिक म्हणजे बँकेने दारावर नोटीस लावली आहे, आत माणसं राहतायत. सरफेसी कायद्याच्या (बँकांना थकलेल्या कर्जाची तारण मालमत्ता विकू देणाऱ्या कायद्याच्या) कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांमार्फत ताबा मिळवावा लागतो आणि त्याला किती महिने जातील याची हमी कुणी देत नाही.

गणित असं मांडा. बाजारात तोच फ्लॅट घेतला तर ६२ लाख, पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के म्हणजे ४.३४ लाख, नोंदणी ३० हजार. एकूण ६६.६४ लाख. लिलावातला फ्लॅट सगळे खर्च धरून याहून बराच स्वस्त पडला तरच डोकेदुखी घेण्यात अर्थ आहे.

लिलावातले जादा खर्च : सोसायटीची थकबाकी १.८० लाख, मिळकतकर ६० हजार, वीजबिल १५ हजार, दुरुस्ती ३.५० लाख, वकील आणि शोध अहवाल ५० हजार. हे झाले ६.५५ लाख. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही सोसायटीच्या कार्यालयातून, महापालिकेच्या मिळकतकराच्या साइटवरून आणि महावितरणकडून काढा. ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीवर घेतलेल्या मालमत्तेची जुनी वीजथकबाकी नव्या मालकाकडे मागता येऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ च्या निकालात सांगितलं आहे. ही बाब लोक हटकून विसरतात.

ताबा सांकेतिक असेल तर एक वर्ष वाट पाहायची धरा. तुमचं चालू भाडं वीस हजार, म्हणजे २.४० लाख. अडकलेल्या पन्नास लाखांवर ७ टक्क्यांनी ३.५० लाख. शिवाय कोर्टकज्जाची जोखीम म्हणून बाजारभावाच्या १० टक्के, ६.२० लाख.

६६.६४ मधून नोंदणीचे ०.३०, खर्चाचे ६.५५, वाट पाहण्याचे ५.९० आणि जोखमीचे ६.२० वजा केले की उरतात ४७.६९ लाख. यातच मुद्रांक शुल्क बसवायचं आहे, म्हणून १.०७ ने भागा. मर्यादा आली ४४.५७ लाख, म्हणजे सरकारी बोलीच्याही खाली. या लिलावात भागच घेऊ नये.

आता तोच फ्लॅट प्रत्यक्ष ताब्यासह असेल तर वाट पाहण्याचा खर्च जातो, जोखीम ५ टक्के म्हणजे ३.१० लाख धरली तरी पुरते. तेव्हा मर्यादा येते ५२.९८ लाख. एका शब्दाने आठ लाखांहून जास्त फरक पडला. बोलीचं कसब यापुढे फार लहान गोष्ट आहे.

बोलीआधी करायची कामं : नोंदणी विभागाच्या साइटवर त्या फ्लॅटची इंडेक्स टू (नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा) काढा, म्हणजे शेवटचे व्यवहार आणि त्याच इमारतीतले खरे भाव कळतील. सेर्सायवर, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीत, बोजा शोधा. दुसऱ्या बँकेचंही कर्ज निघू शकतं. कर्जदाराने पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागितली आहे का, हे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारा. पाहणीच्या दिवशी स्वतः जा. एजंटने पाठवलेल्या व्हिडिओवर विसंबू नका.

पैशांचं वेळापत्रक सगळ्यांत कडक असतं. अनामत बहुधा सरकारी बोलीच्या १० टक्के, इथे ४.६० लाख. समजा ५० लाखांना जिंकलात. अनामत धरून २५ टक्के, म्हणजे १२.५० लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे. म्हणजे आणखी ७.९० लाख खात्यात तयार हवेत. उरलेले ३७.५० लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. चुकलात तर भरलेले पैसे जप्त. पूर्ण २५ टक्के जप्त करण्याला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता दिली आहे. म्हणून कर्जाची मंजुरी आधी, बोली नंतर. ‘बघू, बँक देईल’ म्हणून यात उतरणाऱ्यांचेच पैसे बुडतात. किंमत ५० लाख किंवा वर गेली की १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारीही तुमचीच.

प्रत्यक्ष बोलीच्या वेळी पाच मिनिटांची वेळवाढ असते, हे गृहीत धरा आणि नोटिशीत तपासा. पहिली बोली सरकारी बोलीवर एक टप्पा चढवून लावावी लागते का, तेही तिथेच लिहिलेलं असतं. दुसरा कुणी आलाच नाही तर तेवढ्यावरच फ्लॅट मिळू शकतो, म्हणून सुरुवातीलाच मोठी उडी मारून स्वतःची किंमत चढवू नका. उलट मर्यादेपासून दोन-तीन टप्पे राहिले की लगेच, न रेंगाळता उत्तर द्या. मर्यादा आली की लॅपटॉप मिटा.

लिलाव बोलीविना गेला तर निराश होऊ नका. फेरलिलावाची नोटीस १५ दिवसांची चालते, आणि सरकारी बोली तेव्हा बऱ्याचदा उतरते. तुमच्या ४४.५७ च्या मर्यादेत तोच फ्लॅट दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बसू शकतो. सरकारी बँकांचे ई-लिलाव जिथे निघतात त्या बँकनेट पोर्टलवर नोंदणी करून ठेवा आणि लक्ष ठेवा.

प्रश्न : भोसरीत आमचं वर्कशॉप आहे. बंद पडलेल्या एका कारखान्याचा लॉट ई-लिलावात निघाला: दोन लेथ आणि बाकी भंगार. फोटो चांगले आहेत. बोली लावण्यात मुख्य धोका कोणता? (भोसरी एमआयडीसी)

उत्तर : जिंकणं हाच धोका. भंगाराची किंमत सगळ्यांसाठी जवळपास एकच असते, प्रत्येकाचा अंदाज मात्र वेगळा. समजा पाच जणांनी अंदाज केले : ३.२, ३.५, ३.६, ३.९ आणि ४.४ लाख. सरासरी ३.७२. चढत्या बोलीत ४.४ वाला जिंकतो आणि त्याला ३.९ च्या वर मोजावे लागतात. म्हणजे माल हातात येण्याआधीच तो सरासरीच्या वर गेलेला असतो. तेल काढण्याच्या हक्कांच्या लिलावात हाच अनुभव १९७१ मध्ये तीन अमेरिकन अभियंत्यांनी मांडला होता. स्पर्धक जितके जास्त तितका आपला अंदाज आणखी खाली आणायचा, हा त्यातला धडा. ईर्ष्येला पेटलेला माणूस नेमकं उलट करतो.

अंदाज नेमका करायचा एकच मार्ग म्हणजे पाहणी. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) आणि मॅग्नेटिक स्टँड सोबत न्या. स्पिंडलच्या नाकावर डायल लावून हाताने फिरवा. दोन-तीन शतांश मिलिमीटरहून जास्त काटा हलला तर बेअरिंगचा खर्च धरा. बेडची (लेथच्या लांब पायाची) झीज नेहमी चकाजवळ (काम पकडणाऱ्या जबड्याजवळ) जास्त असते, कारण काम तिथेच होतं. सॅडल (बेडवर सरकणारा, हत्यार धरणारा भाग) चकाजवळ नीट चालेल इतकं घट्ट करा आणि टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाला, न्या. तिकडे ते अडकलं तर बेड खाल्लेला आहे, आणि ग्राइंडिंगचा खर्च लेथच्या किमतीइतका होऊ शकतो. मोटर, पॅनेल आणि गिअर जागेवर आहेत का ते पाहा. बंद कारखान्यात तांब्याच्या वस्तू आधी नाहीशा होतात.

मग कागद : माल वजनावर आहे की ‘लॉट’वर? वजनावर असेल तर वजनकाटा कोणता, तुमचा माणूस तिथे उभा राहू शकेल का? लॉटवर असेल तर यादीतलं वजन ही हमी नसते. जीएसटी आणि टीसीएस (विक्रेता वसूल करतो तो आयकर) बोलीच्या वर लागतात. हायड्रा (क्रेन), गॅसकटिंग, ट्रक आणि उचलण्याची मुदत चुकली तर जागाभाडं, हे सगळं आधी लिहून काढा. आणि ‘मंजुरीच्या अधीन’ असं लिहिलं असेल तर सर्वांत वरची बोली तुमची असली तरी विक्रेता नकार देऊ शकतो. तोपर्यंत डिपॉझिट अडकून राहतं. एकाच आठवड्यात दोन लॉटना हात घालण्याआधी याचा विचार करा.

प्रश्न : आरटीओत एमएच १२ च्या आवडीच्या नंबरसाठी दोन अर्ज आले. आता बंद पाकिटात जादा रकमेचा डीडी द्यायचाय. इथेही खरी मर्यादाच लिहावी का? (कर्वेनगर)

उत्तर : नाही. बंद पाकिटात जे लिहाल तेच द्यावं लागतं. दुसऱ्याची बोली तुमची किंमत खाली आणत नाही. म्हणून इथे मर्यादेच्या खाली उतरायचं. किती, हे स्पर्धकांवर अवलंबून आहे. दोघेच असाल तर बरंच, पाच-सहा असतील तर थोडंच. नंबर अगदी हवाच असेल तर कमी उतरा. बहुतेक लोक गोल आकडा किंवा शुभ म्हणून एक रुपया, एक हजार वर असा आकडा काढतात. ५०,००० आणि ५१,००० वर गर्दी असते, म्हणून ५१,६०० सारखा आकडा बरा. मर्यादा मात्र इथेही ओलांडायची नाही.

प्रश्न : आम्ही चार ओळखीचे व्यापारी एकाच लॉटवर बोली लावणार होतो. तिघांनी थांबायचं आणि नंतर माल वाटून घ्यायचा असं ठरतंय. यात काही गैर आहे का? (मार्केट यार्ड)

उत्तर : आहे. बोली लावणाऱ्यांनी आपसांत ठरवून स्पर्धा मारणं स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ प्रमाणे निषिद्ध आहे. लिलाव रद्द होणं, डिपॉझिट जाणं आणि पुढच्या लिलावांतून बाद होणं, हे त्याशिवाय. लॉट एकट्याला झेपत नसेल तर उघड भागीदारी करा: चौघांच्या नावाने किंवा भागीदारी फर्मच्या नावाने एकच नोंदणी, एकच बोली. तेही अटींत चालत असेल तरच, म्हणून लिलाव करणाऱ्याला आधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

प्रश्न : घाईत एक शून्य जास्त पडलं तर बोली मागे घेता येते का? (वारजे)

उत्तर : ईबेसारख्या साइटवर उघड टायपिंगची चूक असेल तर मागे घेता येते, पण लगेच योग्य आकडा भरावा लागतो. बँकेच्या आणि सरकारी लिलावात बोली परत घेता येत नाही, अनामत जाते. आकडा भरल्यावर शेजारी तो अक्षरी दिसतो, तो मोठ्याने वाचून मगच बटण दाबा. अक्षरी दिसत नसेल तर ‘४८ लाख ५० हजार’ असं कागदावर लिहून पडद्यावरच्या शून्यांशी एकेक करून ताडून पाहा.